आमारोनेमधली दुर्लक्षित रोंदिनेल्ला

इटलीतील व्हेरोना शहराच्या उत्तरेला वाल्पोलिचेल्ला हा डोंगराळ टापू आहे. येथील आमारोने या महागड्या रेड वाइनचे सगळे कौतुक कोर्विना या द्राक्षाच्या वाट्याला येते. तिच्या जोडीला असणाऱ्या रोंदिनेल्लाबद्दल मात्र दुकानदार चकार शब्द काढत नाहीत. वास्तविक नियमानुसार आमारोनेमध्ये कोर्विना 45 ते 95 टक्के असते आणि रोंदिनेल्ला 5 ते 30 टक्के असावीच लागते. जनुकीय तपासणीत ती कोर्विनाचीच संतती ठरली आहे.

स्वाद बेताचाच असल्यामुळे एकट्या रोंदिनेल्लाची वाइन क्वचितच कोणी करते. बागायतदारांचा मात्र तिच्यावर भारी जीव, कारण ती भरघोस पिकते, रोगांना सहसा बळी पडत नाही आणि मुख्य म्हणजे आमारोनेसाठी द्राक्षे सुकवावी लागतात, तेव्हा दगा देत नाही.

हे सुकवणे म्हणजेच येथील खरी कसोटी होय. आपल्या तासगावकडे डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेल्या द्राक्षांचा कोरड्या हवेत दोन-तीन आठवड्यांत बेदाणा होतो. येथे शरद ऋतूत तोडलेले घड कसलीही प्रक्रिया न करता माळ्यावर एका थरात पसरतात आणि त्यांचे वजन साधारण 40 टक्क्यांनी घटेपर्यंत दोन-तीन महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, थांबतात. बाहेर धुके आणि दमट हवा असल्याने एका मण्याला बुरशी लागली, तरी शेजारचे मणी नासायला वेळ लागत नाही. रोंदिनेल्लाचा देठ वाळून काडीसारखा होतो, साल सुरकुतते, पण फाटत नाही. मणी दाबला, तर बोटांना पाकासारखा चिकट रस लागतो.

पूर्वी हे घड रेशीमकिड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वेताच्या ताट्यांवर ठेवत. आता प्लॅस्टिकचे क्रेट आणि मोठे पंखे आले आहेत. जुन्या ताट्या दिसायला देखण्या खऱ्या, पण वर्षभराच्या पिकाचा प्रश्न असताना पंख्यांना नावे ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

आमारोनेमध्ये किण्वन, म्हणजे रस आंबण्याची क्रिया, जवळजवळ सगळी साखर संपेपर्यंत चालते. तिच्याहून जुन्या रेचोतो या वाइनमध्ये ते आधीच थांबते आणि गोडवा शिल्लक राहतो. सुकताना भरपूर साखर साठवणारी रोंदिनेल्ला तेथे विशेष उपयोगी पडते. म्हणून या भागात येणाऱ्या पाहुण्यांना मी आमारोनेआधी रेचोतोच सुचवतो, तीही जेवणानंतर आणि लहान पेल्यात.