मुंगसाच्या शेपटीला हंस

भाची सहावीत, इंग्लिश मीडियम. परवा सोसायटीच्या मागच्या भिंतीवरून मुंगूस पळालं, मी म्हटलं ते बघ मुंगूस, तर ही म्हणते, "मामा, तुम्ही लोक इंग्लिश शब्द कसे वाकडे करता ना, मोंगूस म्हणतात त्याला." टेबल, इस्टेशन ऐकून तिचा तसा समज झाला असणार, पण मला जरा लागलंच, कारण इथे वाकडं त्यांनी केलंय!

सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी हा शब्द इंग्लिशमध्ये गेला आणि ऑक्सफर्डची डिक्शनरी सरळ मराठीकडे बोट दाखवते. फ्रेंचांनी त्याचं मांगूस्त केलं, इटालियन लोकांनी मांगुस्ता, ते एक वेळ चालेल, पण इंग्रजांना शेवटी 'गूस' ऐकू आलं आणि त्यांनी स्पेलिंगमध्ये चक्क हंस आणून बसवला. पोरांचे हाल होतात ते यामुळेच. गूसचं गीस, म्हणून हिनेही टेस्टमध्ये मोंगीस लिहिलं, अर्धा मार्क गेला. मोंगूसेस हवं होतं.

मजा म्हणजे त्याचा जन्माचा वैरी कोब्रा, तोही आपल्याच किनाऱ्यावरच्या पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेत कोब्रा म्हणजे नुसता साप, नागाला ते फणावाला साप म्हणायचे, इंग्रजांनी फणा गाळला आणि साप ठेवला. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत कोब्रा नावाची स्पोर्ट्स कार गाजत होती, तेव्हा इटलीतल्या दे तोमासोने आपल्या गाडीचं नाव ठेवलं मांगुस्ता. आपल्या बांधावरचं भांडण थेट स्पोर्ट्स कारपर्यंत गेलं की!

हे सगळं मी भाचीला जोरजोरात ऐकवत होतो, तर खालच्या गॅलरीत पापड वाळत घालणाऱ्या धारवाडच्या काकू वर न बघताच म्हणाल्या, "आमच्या कन्नडमध्येपण मुंगुसीच की हो." झालं. तेलुगूत पण मुंगिस. संस्कृतात नकुल, हिंदीत नेवला, म्हणजे आपणही तो दक्षिणेकडूनच उचललेला दिसतो. मी विषय बदलला.

तेवढ्यात मुंगूस परत आलं. लहानपणी आम्ही घालायचो ती शपथ भाचीला घाईघाईने शिकवली, मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ. तिने घातली, पण "मोंगूसा मोंगूसा" करत. ते ड्रेनेजच्या पाइपात शिरलं, शेपटीचं टोक तेवढं दिसलं.