एक यंत्र पुरे का नाही?

शाळांमध्ये भूकंपाबद्दल बोलायला गेलो की हा प्रश्न ठरलेला: मंगळावर एकाच भूकंपमापकाने तेराशेहून जास्त कंप टिपले, मग आणखी यंत्रं हवीत हा हट्ट कशाला? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

मी कोयना परिसरात भूकंपमापक बसवतो. आधी कातळ लागेपर्यंत माती काढायची, कातळ फडक्याने पुसायचा, मग पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत यंत्राच्या पायांचे स्क्रू फिरवत बसायचं. एवढं करूनही वाऱ्याने जवळचं झाड हललं की मुळांतून ते नोंदीत उतरतंच. म्हणून १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या दोन व्हायकिंग यानांचं वाचलं की जीव हळहळतो. पहिल्याचं यंत्र प्रवासासाठी जखडलेलं होतं, ते सुटलंच नाही. दुसऱ्याचं सुटलं, पण ते यानाच्या पाठीवर. नोंदीत बहुतेक वाराच आला.

ज्या यंत्राने ते तेराशे कंप टिपले, ते नेणाऱ्या नासाच्या इनसाइट यानाने ती कसर भरून काढली. १९ डिसेंबर २०१८ ला यांत्रिक हाताने यंत्र उचलून थेट जमिनीवर टेकवलं, फेब्रुवारीत त्यावर घुमटासारखं झाकण घातलं. हे सगळं पृथ्वीवरून आज्ञा धाडून! ते फोटो मी अजूनही काढून बघतो.

पण एका यंत्राला कळतं काय? कंपातून दोन प्रकारच्या लहरी निघतात: आधी वेगवान पी लहर येते, मागून हळू चालणारी एस. दोघींमधल्या सेकंदांवरून अंतर निघतं, म्हणजे नकाशावर एक वर्तुळ. कंप त्या वर्तुळावर कुठेही झालेला असू शकतो. तीन ठिकाणची वर्तुळं छेदली की जागा सापडते. मंगळावर एकटं यंत्र पी लहरीच्या रोखावरून दिशा ताडायचं, पण बहुतेक कंपांत तो रोख इतका पुसट होता की जागा सांगताच आली नाही.

चंद्रावर अपोलो १२, १४, १५ आणि १६ या मोहिमांनी ठेवलेली चार यंत्रं १९७७ पर्यंत एकत्र चालली, म्हणून तर ७०० किलोमीटरहून खोल होणारे कंप हाती लागले. मात्र चारही चंद्राच्या आपल्याकडे, म्हणजे पृथ्वीकडे, असलेल्या बाजूला. पलीकडच्या बाजूचे खोल कंप त्यांच्या नोंदींत जवळजवळ नाहीतच. तिकडे ते होत नाहीत, की चंद्राच्या पोटातला मऊ थर लहरी गिळून टाकतो? ते समजायला पलीकडच्या मातीवर कुणीतरी यंत्र नेऊन टेकवायला हवं.