पॅनियर सगळ्यात शेवटी: कोकण किनाऱ्याच्या सायकल सफरीची खरेदी

सायकल सफरीची खरेदी बहुतेक जण पिशव्यांपासून सुरू करतात, कारण फोटोत त्याच उठून दिसतात. मी उलट्या टोकाने केली. आधी गिअर, मग चाकं, मग कॅरियर आणि अगदी शेवटी पॅनियर, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या. मार्ग ठरलेला होता: मांडव्याला बोटीतून उतरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण करत रेडी गाठायची. अंतर पाचशे किलोमीटरच्या पुढे, दिवस आठ, महिना डिसेंबर, मुक्काम घरगुती खोल्यांत. एवढं कागदावर मांडलं की अर्धी यादी आपोआप गळते. संध्याकाळी खोली आणि मासे-भात मिळणार असेल तर तंबू, स्लीपिंग बॅग आणि स्टोव्ह वाहून न्यायचं कारण उरत नाही.

दुसरा कागद वजनाचा. सायकल १४ किलो, कॅरियर आणि पिशव्या २.६, सामान ८.२, पाणी २.२, आणि मी ६८. एकूण ९५ किलो. पुढची सगळी खरेदी या आकड्यावर झाली.

पहिला खर्च कॅसेटचा, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचा. कोकणातला किनारी रस्ता नकाशात सपाट वाटतो, पण प्रत्येक खाडीला तो समुद्रसपाटीला उतरतो आणि फेरीबोट किंवा पूल ओलांडला की पुन्हा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढतो. चढ लांब नसतात, उभे असतात, आणि दिवसातून तीन-चार वेळा येतात. सायकलला पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांची तीन चक्रं होती आणि मागे सगळ्यात मोठं चक्र २८ दात्यांचं होतं. पुढचे दाते भागिले मागचे दाते गुणिले चाकाचा परीघ केलं की पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळतं. ७००×३८ (३८ मिलिमीटर रुंद) टायरचा परीघ साधारण २.१८ मीटर. म्हणजे २८ ला २८ लावल्यावर एका फेऱ्यात २.१८ मीटर, आणि मागे ३४ असेल तर १.८० मीटर. दहा टक्के चढावर ९५ किलो वजन मिनिटाला ५० फेऱ्यांनी ओढायचं तर पहिल्या जोडीला सुमारे १८० वॅट लागतात, दुसरीला सुमारे १५०. हे ३० वॅट पहिल्या दिवशी फारसे जाणवत नाहीत. चौथ्या दिवशी गुडघा त्यांचा हिशोब मागतो.

११ ते ३४ दात्यांची कॅसेट घेण्याआधी मागच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेची, क्षमता पाहावी लागते. माझ्याकडे शिमानोचा अल्टस एम३१० आहे. तो सगळ्यात मोठं चक्र ३४ दात्यांपर्यंतचं घेतो आणि त्याची एकूण क्षमता ४३ दात्यांची. पुढचा फरक ४८ वजा २८ म्हणजे २०, मागचा ३४ वजा ११ म्हणजे २३. बेरीज बरोब्बर ४३. एक दाता जरी जास्त झाला असता तरी लहान-लहान जोडीवर चेन लोंबली असती. कॅसेटबरोबर चेनही नवी घेतली. जुनी ताणलेली चेन नव्या दात्यांवर घसरते आणि तेही लवकर खाते. लांबी मोजायची ती चेन डिरेलरमधून न घेता, पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावर गुंडाळून, वर दोन कड्या सोडून. दुकानात जुन्या चेनच्या मापाने कापायला निघाले होते, तेव्हा थांबवावं लागलं. २८ वरून ३४ वर जाताना जुनं माप आखूड पडतं, आणि चुकून मोठ्या-मोठ्या जोडीवर गिअर पडला तर डिरेलर ओढला जाऊन वाकतो.

ज्यांच्या सायकलला कॅसेट नसून आट्यांवर बसणारं सात गिअरचं फ्रीव्हील आहे, त्यांना १४-३४ चं फ्रीव्हील मिळतं आणि ते स्वस्तही असतं. पण त्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे ॲक्सल बाहेरच्या बाजूला आधाराविना राहतो आणि भाराखाली वाकतो किंवा तुटतो. मागे दहा किलो टाकणार असाल तर पैसे कॅसेटच्या हबवर घाला, पिशवी साधी चालेल.

टायर ७००×३८ घेतले. आधी २८ चे होते. घेण्यापूर्वी फ्रेम आणि फोर्कमध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना किमान पाच-सहा मिलिमीटर जागा उरते का ते मोजलं. मडगार्ड लावायचे असतील तर वरूनही मोजा. टायरच्या कडेला छापलेला हवेचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नसतो. मी मागे ६० आणि पुढे ४५ पीएसआय ठेवलं. जांभ्याच्या कच्च्या तुकड्यावर ते आणखी पाच-पाचने उतरवलं तर हाताची बोटं बधिर होत नाहीत.

ट्यूब दोन जास्तीच्या. व्हॉल्व्ह कुठला ते रिमचं भोक पाहूनच घ्या. ८ मिलिमीटरच्या भोकात मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह बसतो आणि तो पेट्रोल पंपावर भरता येतो. ६ मिलिमीटरच्या भोकात प्रेस्टा नावाचा बारीक व्हॉल्व्हच लागतो, आणि मग पितळी अडॅप्टर खिशात हवाच. तो नखाएवढा असतो, म्हणून दोन घेतले. पंक्चरसाठी आठ ठिगळं, सोल्यूशनची नवी न फोडलेली ट्यूब (एकदा उघडलेली काही महिन्यांत सुकते), प्लास्टिकचे तीन लिव्हर आणि एक बारीक चिमटा. चिमट्याला लोक हसतात, पण ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी तार रबरात रुतली की बोटांनी निघत नाही, आणि ती आत राहिली तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

स्पोकच्या खरेदीत मी फसलो. मागच्या चाकात कॅसेटच्या बाजूचे स्पोक डावीकडच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर आखूड असतात, कारण रिम मधोमध राहावी म्हणून त्या बाजूचा कोन उभा ठेवलेला असतो. पुढच्या चाकाचं माप तिसरंच. दुकानदाराने तिन्ही ठिकाणांसाठी एकाच लांबीचे दिले. लांब स्पोक उजवीकडे लावला तर त्याचं टोक निपलच्या (रिममधल्या स्पोकच्या नटाच्या) वर येतं, रिम टेप फाडतं आणि आतून ट्यूब फोडतं. असं पंक्चर ओळखायची खूण म्हणजे भोक ट्यूबच्या रिमकडच्या बाजूला असतं. नंतर चाकातला एकेक स्पोक काढून, तो नमुना म्हणून नेऊन, प्रत्येक मापाचे दोन घेतले आणि चेनस्टेला (फ्रेमच्या मागच्या आडव्या नळीला) टेपने चिकटवले. कॅसेटच्या बाजूचा स्पोक रस्त्यात बदलता येत नाही, कॅसेट काढायची हत्यारं जड पडतात. त्यासाठी दोरीचा आणीबाणीचा स्पोक घेतला. तो लावून जवळच्या दुकानापर्यंत जाता येतं आणि तिथे चाकाचा आऊट (डगमग) काढून घेता येतो.

डिरेलर हँगर मात्र नशिबावर सोडू नका. फ्रेमला डिरेलर जोडणारा तो छोटा ॲल्युमिनियमचा तुकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि सायकल उजवीकडे आडवी पडली की पहिला तोच वाकतो. वाटेत कुठल्याही गावात तो मिळणार नाही. मी सगळ्यात आधी मागवला आणि सगळ्यात उशिरा हातात पडला.

आता कॅरियर. सीटपोस्टला आवळायचे कॅरियर दिसायला सुटसुटीत, पण बहुतेकांची मर्यादा नऊ-दहा किलोची असते आणि खड्ड्यात ते डावी-उजवीकडे फिरतात. फ्रेमला भोकं असतील तर चार ठिकाणी बोल्टने बसणारं, २५ किलोचं ॲल्युमिनियमचं घ्या. माझ्या सायकलचा डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) सीटस्टेच्या, म्हणजे सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीच्या, बाहेर येतो, म्हणून डिस्कसाठी रुंद पाय असलेलं घ्यावं लागलं. साधं कॅरियर आणि मधे वायसरांची चळत हा उपाय करू नये. बोल्ट जितका लांब बाहेर, तितका तो वाकतो. कॅरियर क्वचित तुटतं, तुटतो तो खालचा एम५ (५ मिलिमीटर जाड) बोल्ट, आणि तोही ढिला झालेला असतो म्हणून. घट्ट बोल्टमध्ये भार घर्षणाने पेलला जातो, ढिल्या बोल्टवर तो दर खड्ड्याला घाव घालतो. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून एम५ चे १६ आणि २० मिलिमीटरचे स्टीलचे बोल्ट, नायलॉक नट आणि निळं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा डिंक) आणलं. सहा बोल्ट जास्तीचे घेतले. त्यांतले दोन फ्रेमवरच्या रिकाम्या भोकांत फिरवून ठेवले, म्हणजे ते कधी हरवत नाहीत.

यानंतर पिशव्या. बाइकपॅकिंगचा संच, म्हणजे सीटमागची लांब पिशवी, त्रिकोणातली आणि हँडलवरची गुंडाळी, कॅरियरविना एक ते सव्वा किलो हलका पडतो. जंगलातल्या पायवाटेवर, सायकल खांद्यावर घ्यावी लागते तिथे तो हवाच. पण सीट आणि टायर यांत वीसेक सेंटिमीटर मोकळी जागा नसेल तर मागची पिशवी टायरला घासते, आणि बुटक्या फ्रेमवर तेवढी जागा नसतेच. शिवाय रोज रात्री खोलीत सामान न्यायचं असताना सहा पट्टे सोडायचे आणि सकाळी आवळायचे. पॅनियरचं हँडल ओढलं की पिशवी हातात. म्हणून २० लिटरचे दोन पॅनियर.

पॅनियर घ्यायला सायकल दुकानात न्या. तीन गोष्टी तिथेच कळतात. एक, पेडल मागे असताना टाच पिशवीला लागते का. माझी लागत होती, हुक चार सेंटिमीटर मागे सरकवल्यावर सुटली. दुसरं, कॅरियरची नळी १० मिलिमीटरची आणि हुक १६ पर्यंतचे असतील तर सोबतचे प्लास्टिकचे तुकडे आत बसवावे लागतात, नाहीतर पाचशे किलोमीटर खडखड ऐकत जायचं आणि नळीवरचा रंगही जायचा. तिसरं, शिवण. नायलॉनला आतून लेप असला तरी सुईच्या भोकांतून पाणी येतं. वेल्ड केलेली, तोंड तीनदा गुंडाळायची पिशवी खरी कोरडी राहते. घरी आणल्यावर आत वर्तमानपत्र भरून दहा मिनिटं नळीने पाणी मारा. कागद ओला झाला तर लगेच परत करता येते. डिसेंबरात पाऊस नसतो हे खरं, पण जेटीवर लाटांचे शिंतोडे असतात आणि पहाटेचं दव असतं. न शिवलेल्या महाग पिशवीचे पैसे द्यायचे नसतील तर बागेला लागणाऱ्या जाड प्लास्टिकचं अस्तर आत घाला, काम होतं.

त्रिकोणातली छोटी पिशवी तयार न घेता पुठ्ठ्याचा साचा कापून बॅगा शिवणाऱ्याकडून करून घेतली. साचा कापताना पाण्याच्या बाटल्या जागेवर ठेवा, आणि रुंदी सहा सेंटिमीटरच्या वर नेऊ नका, गुडघे घासतात. यात हत्यारं ठेवली: ४, ५, ६ च्या ॲलन की, टी२५ ची चांदणीच्या टोकाची की, चेन तोडायचं यंत्र, आठ गिअरच्या चेनचे दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या). ब्रेक पॅडचा एक जोड, आणि तो जुना पॅड दुकानात दाखवून घेतलेला, कारण आकार डझनांनी आहेत.

फुटकळ गोष्टींत पॉवर बँकचा आकडा फसवा असतो. १०,००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टवरचं माप, म्हणजे ३७ वॅट-तास. ५ व्होल्टवर आणताना गळती धरून सहा-साडेसहा हजारच हातात येतात. ५,००० च्या फोनला सव्वा वेळा. रोज खोलीत वीज असल्याने पुरतं. बिल तपासताना ध्यानात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या छापील किमतीचा माल अजून कुठे कुठे पडून असतो.

सगळं लावून, पूर्ण भरून, कात्रजच्या जुन्या घाटातून खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो, पन्नासेक किलोमीटर. उतारावर ताशी ३५ च्या पुढे हँडल थरथरलं. सगळा भार मागे होता, पुढचं चाक हलकं. दीड किलो सामान हँडलवर आणि पाणी फ्रेमवर खाली आणलं, जड वस्तू पॅनियरच्या तळाशी आणि पुढच्या कोपऱ्यात ठेवल्या, थरथर गेली. घरी आल्यावर कॅरियरचे चारही बोल्ट पुन्हा आवळले, दोन फिरले. नवी गिअर केबल सैल पडली होती, तीही ताणली. ही फेरी निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. दहा दिवस आधी केली तर वस्तू बदलून मिळतात.

सगळ्यात स्वस्त वस्तू एक जाड रबराचा पट्टा. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींत सायकल टेकवून ठेवली की बोट हलताच ती चालू लागते. पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबून त्यावर पट्टा चढवला की जागची हलत नाही.

परतीच्या वेळी पेडल काढायला १५ चा पाना लागतो, आणि तो मल्टिटूलमध्ये नसतो. रेल्वेत सायकल पार्सल ऑफिसातून नोंदवून सामानाच्या डब्यात जाते, तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं, म्हणून गाडीच्या वेळेआधी तास-दोन तास पोचा, आणि छोट्या थांब्याऐवजी रत्नागिरी, कुडाळ किंवा सावंतवाडीसारखं स्टेशन पकडा. पेडल काढायची, हँडल आडवं वळवायचं, डिरेलरभोवती पुठ्ठा गुंडाळायचा. डावं पेडल उलट आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. निघण्याआधी दोन्ही पेडलांना घरीच ग्रीस लावून बसवलं असेल तरच प्लॅटफॉर्मवर ते हाताच्या जोराने निघतं.