तुम्ही विचारलंत म्हणून : १२० क्रेडिटांचा हिशेब

"घरबसल्या डिग्री घेतलीस म्हणे? खरी आहे ना पण?"

आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळाच्या गणपतीत, हातात मसालेभाताची प्लेट असताना एका काकूंनी हे विचारलं, तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पुढे तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येत राहिला. विचारणाऱ्या बहुतेक माझ्यासारख्याच. एस. वाय. किंवा टी. वाय.ला असताना लग्न ठरलं, मग व्हिसा, मग मुलं, आणि आता मुलाच्या शाळेचा फॉर्म भरताना 'आईचं शिक्षण' ह्या रकान्यापाशी पेन थबकतं. एकदोन डिप्लोमावाले दादाही होते, 'बॅचलर्स नाही' एवढ्यावर ज्यांची बढती अडली होती. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

तर, डिग्री खरी आहे. बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची, मान्यताप्राप्त कॉलेजची, १२० क्रेडिटांची, आणि तिला मला अडीच वर्षं लागली. कॉलेजचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे त्यांच्याबद्दल थोडं कुरकुरणार आहे.

क्रेडिट म्हणजे काय, हे आधी. सरकारी मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात, पण तो शब्द बोलताना मी कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. ढोबळमानाने आठवड्याला एक तास वर्ग, असं साधारण पंधरा आठवड्यांचं सत्र, की एक क्रेडिट. नेहमीचा कोर्स तीन क्रेडिटांचा असतो. म्हणजे बॅचलर्स डिग्री म्हणजे साधारण चाळीस कोर्स. मजा अशी, की हे चाळीसही त्याच कॉलेजात करायला हवेत असं नाही. दुसऱ्या कॉलेजातले चालतात, परदेशातले चालतात, परीक्षा देऊन सुटलेले चालतात, आणि कॉलेजच नसलेल्या काही कंपन्यांचे ऑनलाइन कोर्सही चालतात.

पळवाट वाटते ना? मलाही वाटली होती. पण अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन, म्हणजे एसीई, ही संस्था दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या काळापासून 'लष्करात जे शिकलात त्याला कॉलेजने किती क्रेडिट द्यावं' ह्याच्या शिफारशी करत आली आहे. पुढे १९७१ साली न्यूयॉर्कने नोकरदार प्रौढांसाठी बाहेरून डिग्री देण्याची योजना काढली, तीच आजची एक्सेलसियर युनिव्हर्सिटी. १९७२ साली आमच्या न्यू जर्सीने थॉमस एडिसन नावाचं कॉलेज काढलं, ते आज ट्रेंटनला आहे, आणि १९७३ साली कनेटिकटने चार्टर ओक. तिन्हींचा जन्मच 'कुठे शिकलात ते राहू द्या, काय शिकलात ते दाखवा' ह्यासाठी झाला. ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला येणाऱ्या आपल्यातल्या कितीजणींना हे ठाऊक आहे, देव जाणे.

आता माझी चूक सांगते, कारण सगळं तिच्यातच आहे.

मी सुरुवात केली ती उलट्या टोकाने. महिन्याला ठरावीक पैसे भरा आणि हवे तितके कोर्स संपवा, अशी एक साइट सापडली. सोफिया तशीच आहे, स्टडी डॉट कॉमही त्याच जातीची. त्यांच्या कित्येक कोर्सांना एसीईची शिफारस असते. मी हपापल्यासारखी बसले. समाजशास्त्र झालं, कलेचा इतिहास झाला, तत्त्वज्ञान झालं, पर्यावरण झालं. मुलगा शाळेत गेला की कुकर लावायचा आणि लॅपटॉप उघडायचा. शिवाय क्लेपची, म्हणजे पास झालं की क्रेडिट मिळतं अशा परीक्षांपैकी, मॅक्रोइकॉनॉमिक्सची परीक्षा देऊन टाकली. मग कॉलेज निवडलं, सगळे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रकं, पाठवले. सहा आठवड्यांनी उत्तर आलं : सर्व क्रेडिटं स्वीकारली आहेत. त्या दिवशी घरात श्रीखंड आलं.

दुसरं पान मी रात्री वाचलं. मॅक्रोइकॉनॉमिक्स माझ्या भारतातल्या अर्थशास्त्राच्या पेपरावर आधीच बसलेलं, म्हणजे एकाच विषयाचं क्रेडिट दोनदा मिळणार नाही. तत्त्वज्ञान गेलं 'फ्री इलेक्टिव्ह'मध्ये, म्हणजे कुठलाही विषय चालतो त्या रकान्यात, आणि तो रकाना तर आधीच भरून वाहत होता. कागदावर दोन्ही स्वीकारलेली. डिग्रीला उपयोग शून्य. सहा क्रेडिटं अशी गेली. कॉलेजने मला फसवलं असं नाही. पण चौकशीच्या वेळी फोनवरच्या बाईंनी 'वी ॲक्सेप्ट एव्हरीथिंग' असं इतक्या गोड आवाजात सांगितलं होतं, की पुढचा प्रश्न विचारायचं मला सुचलंच नाही. तो प्रश्न असा : घ्याल, पण बसवाल कुठे?

म्हणून माझं सांगणं एवढंच, की आधी कॉलेज आणि त्यातली नेमकी डिग्री ठरवा. मग कॉलेजच्या त्या वर्षाच्या कॅटलॉगमधली, म्हणजे माहितीपुस्तकातली, त्या डिग्रीच्या कोर्सांची यादी काढा. मी एक्सेलमध्ये चाळीस चौकोन आखले आणि छापून फ्रिजवर लावले. इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा, संख्याशास्त्राचा, विज्ञानाचा, ह्युमॅनिटीजचे (भाषा, तत्त्वज्ञान, कला वगैरे), मग अकाउंटिंग, मार्केटिंग, बिझनेस लॉ असं खाली खाली. प्रत्येक चौकोनात तीन गोष्टी : तो कशाने भरणार, ते चालेल असं कॉलेजने लेखी कुठे सांगितलंय, आणि भरून झाला का. मधला रकाना कोरा असेल तर कोर्सला हात लावायचा नाही. नवऱ्याने त्याला 'लेखापरीक्षण' नाव ठेवलं. ठेवू देत.

चौकोन भरताना दोन शब्द वारंवार आडवे येतात. एक 'अपर लेव्हल'. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दर्जाचे कोर्स ठरावीक संख्येने लागतात, आणि बाहेरचे स्वस्त कोर्स बहुतांश पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या दर्जाचे असतात. म्हणून सुरुवातीचे ६०-७० क्रेडिट भराभर होतात आणि माणूस हवेत तरंगायला लागतो. खरी चढण नंतर येते. दुसरा शब्द 'रेसिडेन्सी'. हा वाचून मी विजेचं बिल आणि घराचं भाडेपत्र स्कॅन करून ठेवलं होतं! त्याचा राहण्याशी काही संबंध नाही. डिग्री देणाऱ्या कॉलेजात स्वतः किमान किती क्रेडिट करायची, तो आकडा म्हणजे रेसिडेन्सी. बऱ्याच ठिकाणी बाहेरची जास्तीत जास्त ९० घेतात, म्हणजे ३० त्यांच्याकडे. काही ठिकाणी त्यांच्याकडची ह्या ३० पेक्षा खूप कमी असली तरी चालतात. माझे ३० होते, दहा कोर्स, आणि पैसे खरे तिथेच गेले.

भारतातल्या क्रेडिटांबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत. 'डिग्री पूर्ण नाही, मग काय उपयोग' असं म्हणून लोक गुणपत्रिका शोधतही नाहीत. अहो, पूर्ण नसली तरी झालेली वर्षं झालीच ना! माझ्या एफ. वाय. आणि एस. वाय.ची मिळून ५१ क्रेडिटं निघाली. त्यासाठी मूल्यमापन करणाऱ्या संस्था असतात, डब्ल्यूईएस, ईसीई वगैरे. त्यांचे अहवाल दोन तऱ्हेचे. स्वस्तातला नुसता 'इतकी वर्षं शिक्षण झालं' एवढंच सांगतो. आपल्याला हवा तो विषयवार, ज्याला कोर्स-बाय-कोर्स म्हणतात. कॉलेजला कुणाचा अहवाल चालतो, हे आधी विचारा.

कागद मिळवणं हा मात्र स्वतंत्र अध्याय आहे. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाने स्वतः पाठवायचं असतं, माझं मोहोरबंद पाकिटातून गेलं. माझा धाकटा भाऊ त्यासाठी चार वेळा गेला. एकदा साहेब रजेवर, एकदा चलन चुकलं, एकदा माझ्या नावात लग्नानंतरचं आडनाव घातलं म्हणून अर्ज परत. नाव गुणपत्रिकेवर आहे तेच लिहा, बदल झाल्याचा पुरावा वेगळा जोडा. भावाला मी त्या वर्षी भाऊबीजेला उलट ओवाळणी पाठवली. ह्या सगळ्यातून आलेली एक गोष्ट मला अजून आवडते. एफ. वाय.ला 'स्कोअरिंग' म्हणून घेतलेल्या मराठीच्या पेपराने इथे ह्युमॅनिटीजचा एक चौकोन भरला.

क्लेपबद्दल वेगळं विचारतात. ही कॉलेज बोर्डाची परीक्षा, तेच एसएटीवाले. तिसाहून जास्त विषय, बहुतेक पेपर दीड तासाचे, गुण २० ते ८० मध्ये, आणि एसीईची शिफारस साधारण ५० ला. हे ५० म्हणजे पन्नास टक्के नव्हे, घाबरू नका. मी पाच दिल्या. मार्केटिंग आणि मॅनेजमेंट आपल्या बी. कॉम.वाल्यांना सोपे जातात. अमेरिकन गव्हर्नमेंटने मात्र माझा घाम काढला. पहिल्यांदा नापास झाले, आणि पुन्हा बसायला तीन महिने थांबावं लागतं. दुसऱ्या वेळी माझी तयारी मुलाने करून घेतली. तो तेव्हा सातवीत होता आणि त्याला फार आनंद झाला. मॉडर्न स्टेट्स नावाची संस्था ह्या परीक्षांची तयारी फुकट करून देते, आणि कोर्स पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचरही. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, पण माझ्या चार परीक्षा तशाच झाल्या.

भाषणाचा एक कोर्स होता. एखादी कृती करून दाखवायची, आणि कॅमेऱ्यात समोर बसलेले प्रौढ श्रोते दिसायला हवेत. मी उकडीचे मोदक घेतले. श्रोते म्हणजे सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, शेजारचे पंजाबी काका-काकू आणि नवरा. चौथ्या मिनिटाला सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि "अगं, उकड घट्ट झालीय" म्हणत फ्रेममध्ये आल्या. पुन्हा रेकॉर्ड केलं. दुसऱ्या वेळची उकड खरंच चांगली झाली होती.

इतकं सांगूनही एक गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही, ती म्हणजे साधं काउंटी कॉलेज, आपल्या जिल्ह्याचं म्हणा ना. एडिसन गावात मिडलसेक्स कॉलेज आहे, तुमच्या काउंटीत तुमचं असेल. तिथे इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स मी संध्याकाळच्या वर्गात बसून केले, आणि सगळ्या प्रवासात जर काही खरोखर शिकले असेन तर ते तिथे. शिवाय न्यू जर्सीत कायदाच आहे, लॅम्पिट कायदा म्हणतात : काउंटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट डिग्री (ए. ए. किंवा ए. एस.) घेतलीत, की राज्यातल्या सरकारी चार वर्षांच्या कॉलेजात ती गठ्ठ्याने लागू होते. ज्यांचं वय कमी आहे, हाताशी वेळ आहे, त्यांनी हाच रस्ता धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. माझा रस्ता अर्धी शिकून थांबलेल्यांसाठी आहे.

आणि काहींसाठी तो मुळीच नाही. परीक्षा देऊन किंवा एसीईच्या शिफारशीने आलेल्या क्रेडिटांना ग्रेड नसते, त्यामुळे जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, फक्त कॉलेजच्या मोजक्या कोर्सांवर ठरतो. तिथे दोन सी पडले तर मास्टर्सच्या अर्जात ते उठून दिसतात. सीपीए, म्हणजे इथलं सी. ए., व्हायचं असेल तर आपल्या राज्याच्या बोर्डाला आधी विचारा, कारण तिथले नियम कॉलेजच्या नियमांपेक्षा वेगळे असतात. नर्सिंग आणि मेडिकलला जायचंय त्यांनी प्रयोगशाळेतल्या विषयांची क्रेडिटं ह्या वाटेने घेऊ नयेत. भारतात परत जाऊन सरकारी नोकरी किंवा पुढचं शिक्षण करायचं असेल तर समकक्षतेचा प्रश्न येतो, त्याची चौकशी पहिली फी भरण्याआधी व्हायला हवी. आणि 'तुमच्या आयुष्याच्या अनुभवावर सात दिवसांत डिग्री' असा ईमेल आला तर तो उघडूही नका. कॉलेजची मान्यता अमेरिकन शिक्षण खात्याच्या यादीत दोन मिनिटांत दिसते.

पैशांचं थोडक्यात. एच-४ वर, म्हणजे एच-१ वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, पण फेडरल (केंद्र सरकारची) मदत मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर फाफ्सा, म्हणजे त्या मदतीचा अर्ज, जरूर भरा. महिन्याच्या वर्गणीचे कोर्स मात्र त्या मदतीत बसत नाहीत, ते पदरचेच. नोकरी असेल तर कंपनीकडे विचारा, शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत करमुक्त असते.

नाशिकहून मावसबहीण विचारते, आपल्याकडे असं काही आहे का. आता आहे. २०२१ साली यूजीसीने ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे मिळवलेली क्रेडिटं जमा ठेवायचं खातं, सुरू केली, आणि 'स्वयम' ह्या सरकारी ऑनलाइन साइटवरच्या कोर्सांची क्रेडिटंही विद्यापीठाने परवानगी दिली तर ठरावीक मर्यादेत लागू होतात. तिलाही मी तेच विचारलं : कुठल्या विद्यापीठाची, कुठली डिग्री? ती म्हणाली, ते नंतर बघू, आधी दोन कोर्स करून टाकते. मी कपाळाला हात लावला आणि तिला फ्रिजवरच्या कागदाचा फोटो पाठवला.

तुम्ही फोन करणार असाल तर त्याआधी गुणपत्रिका तेवढ्या शोधून ठेवा. इथल्या कपाटात नसतील. माहेरी, पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमच्या खाली, खाकी पाकिटात असतील. माझ्या तिथेच होत्या.