अडीचचे तीन की दोन?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.७ आवृत्तीचा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी आमची रात्रीची बरीचशी कामं त्याच्यावरच चालत होती. त्यातली एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, प्रत्येक विभागाने यंत्रणा किती तास वापरली ते मोजायची, पूर्ण तासांत बसवायची आणि आकडे अकाउंट्सकडे पाठवायची.

भाषा बदलायची तर कोणती, यावर बराच खल झाला. पॉवरशेल, ग्रूव्ही अशी नावं आली. मी पायथन ३ वर ठाम होतो, कारण टीममधल्या सगळ्यांना ते वाचता येत होतं. स्क्रिप्ट लिहिणारा निघून जातो; पुढे तिला सांभाळणारा ती वाचू शकला पाहिजे.

रूपांतर झालं, चाचण्या पास झाल्या. तरीही जुनी आणि नवी स्क्रिप्ट एकाच डेटावर शेजारी शेजारी चालवायचा आग्रह मी धरला. सकाळी येऊन पाहतो तर दोन्ही बिनतक्रार संपलेल्या, लॉगमध्ये एकही एरर नाही, पण कितीतरी ओळींत एका तासाचा फरक.

पहिला संशय भागाकारावर गेला. पायथन २ मध्ये ७/२ चं उत्तर ३ येतं, पायथन ३ मध्ये ३.५. पण तो भाग आधीच तपासलेला होता. मग फरकाच्या ओळी मूळ तासांप्रमाणे लावल्या: २.५, ४.५, ६.५. साडेतीन आणि साडेपाचवाली एकही ओळ नाही! तिथेच उलगडा झाला. पायथन २ चं राउंड, म्हणजे आकडा पूर्णांकात बसवणारी आज्ञा, अडीचचे तीन करतं. पायथन ३ चं राउंड बरोबर अर्ध्यावर असेल तर जवळच्या सम संख्येकडे जातं, म्हणून अडीचचे दोन. साडेतीनचे मात्र दोन्हीकडे चारच.

हा बग नव्हे. अर्धा नेहमी वरच ढकलला की मोठ्या बेरजा फुगतात, म्हणून हा नियम मुद्दाम ठेवलेला आहे. पण आमच्या हिशोबाचा नियम पायथनने का ठरवावा? मी अकाउंट्सच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, अडीचचे तीनच. सगळ्या विभागांना तसं लेखी दिलंय आपण."

मग दशांश हिशोबासाठीचं पायथनचं डेसिमल मॉड्यूल घेतलं, 'राउंड हाफ अप' (अर्धा आला की वर) असं स्पष्ट लिहिलं आणि अडीच, साडेतीन, साडेचार या तिन्हींची चाचणी जोडली.

"एवढा त्रास आहे तर जुनंच चालू दे ना," असंही कोणी म्हणालं. मला ते अजिबात पटलं नाही. ज्या भाषेला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, तिच्यावर हिशोब ठेवायचा नाही. आता पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते आणि प्रत्येकीला सुमारे पाच वर्षं सपोर्ट असतो. वर्षाच्या कामात अपग्रेडचे दिवस आधीच धरायला हवेत.

दुपारी सगळ्या स्क्रिप्टमध्ये राउंड शोधलं आणि प्रत्येक ठिकाणी त्या आकड्याच्या मालकाला नियम विचारला. काही आकड्यांना मालकच सापडला नाही. त्यांच्या जुन्या स्क्रिप्ट नेटवर्कपासून तोडलेल्या एका सर्व्हरवर अजून चालू आहेत.