बोजा चढलाय की उतरलाय?

दृष्टी गेलेल्या लोकांना वाचनाची साधनं शिकवणं हे माझं काम. परवा काटोलकडचे एक काकाजी आले. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा गेला, आता नागपुरात मुलाकडे राहतात. ब्रेल शिकायची फार इच्छा, पण साखरेने बोटांची टोकंही बधिर झालेली. ठिपके हाताला लागेनात. म्हणून कॅमेऱ्याने कागद वाचून दाखवणाऱ्या मोबाइलवर आलो.

कागदाच्या मधोमध मोबाइल ठेवायचा, कोपरं टेबलावर टेकवायची आणि तसाच सरळ दीड वीत वर उचलायचा. खोलीत उजेड हवा. दिसत नसलेल्या माणसाची दिवा लावायची सवय सुटते, कॅमेऱ्याला मात्र दिवा लागतोच. काकाजींचा हात पटकन बसला. विजेचं बिल मोबाइलने घडाघडा वाचलं: नाव, रक्कम, भरायची तारीख. काकाजी खुलले. "पोरगा 'काही नाही बाबा, बिल हाये' म्हणून बाजूले ठेवते. आज मले समजलं किती आलं थे!"

मग त्यांनी पिशवीतून सातबारा काढला. गट क्रमांक, नाव, क्षेत्र नीट आलं. 'इतर अधिकार' मध्ये सोसायटीच्या कर्जाचा बोजा आला, रकमेसकट. काकाजींचा चेहराच उतरला. "कर्ज तं मी कधीचंच फेडलं. बोजा अजून हायेच?" मुलाला फोन लावायला ते खिसे चाचपू लागले.

मी कागद हातात घेतला. त्या नोंदीवर आडवी रेघ होती. 2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हापासून कमी झालेल्या नोंदी कंसात न टाकता अशा रेघेने खोडतात. मोबाइलने अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं होतं, रेघ तेवढी वाचली नव्हती. कंस असता तर निदान ऐकू येण्याची शक्यता होती. बोजा उतरलाय हे सांगितलं, तरी काकाजींनी मला ती ओळ दोनदा वाचायला लावली. बरोबरच आहे त्यांचं.

तक्त्यांचंही असंच होतं. आधी सगळी नावं, मग सगळे आकडे. कोणाचं क्षेत्र किती ते कळत नाही. आणि आवाज सगळीकडे तितकाच ठाम. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप नोट किती रुपयांची ते इंटरनेटशिवाय सांगतं, पण ती खरी की खोटी ते सांगत नाही, आणि बँकेने हे आधीच स्पष्ट केलंय. इतका स्पष्टपणा प्रत्येक साधनाबाबत हवा, असं मला मनापासून वाटतं. ऐकणाऱ्याच्या जमिनीचा आणि औषधाचा प्रश्न असतो.

औषधांचं शेवटी वेगळंच ठरवलं. चकचकीत पट्टीवर फ्लॅश चमकतो आणि मुदतीची तारीख वाचलीच जात नाही. तेव्हा तारीख दुकानातच विचारून घ्यायची आणि सकाळच्या गोळ्यांना रबर लावायचं. सातबारा मुलाला दाखवायचा. "बिल मात्र माझं मीच पायीन," काकाजी म्हणाले.