डीआयईपी फ्लॅपआधीचा सीटी अँजिओ : माझा अनुभव

स्तन काढल्यावर ओटीपोटाची त्वचा आणि चरबी घेऊन नवा स्तन घडवायचा, पण पोटाचा स्नायू जागेवरच ठेवायचा, ही डीआयईपी (डीप इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक पर्फोरेटर) फ्लॅपची पद्धत; फ्लॅप म्हणजे रक्तवाहिन्यांसकट उचललेला तो त्वचा-चरबीचा तुकडा. स्नायू भेदून वर येणाऱ्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या रक्तवाहिन्यांवर, म्हणजे पर्फोरेटरवर, सगळा फ्लॅप जगतो. या वाहिन्या प्रत्येक बाईच्या वेगळ्या असतात. एकाच पोटात डावी-उजवी बाजूही सारखी नसते. म्हणून शस्त्रक्रियेआधी सीटी अँजिओ करून त्या कुठे आहेत ते पाहतात; यात शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून आयोडीनयुक्त औषध, देऊन सीटी स्कॅन काढतात. रेडिओलॉजिस्ट म्हणून मी हे स्कॅन करते आणि वाचते, त्यातले कामाचे लिहिते.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), ॲलर्जी, थायरॉइड, मेटफॉर्मिन (मधुमेहाचे औषध), गरोदरपण हे सगळे आधी विचारून घ्यायचे. कॉन्ट्रास्टची सुई कोपराजवळच्या जाड शिरेत, १८ गेजची, म्हणजे जाडसर. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर शक्यतो दुसऱ्या हाताला. यानंतरची गोष्ट हमखास राहून जाते: परकराचा किंवा सलवारचा नाडा सोडायचा, घट्ट इलॅस्टिक उतरवायचे, पोटावरून पट्टा बांधायचा नाही. पोट दाबले गेले की चरबीतल्या बारीक वाहिन्या चपट्या होतात आणि चित्रात दिसतच नाहीत.

नेहमीच्या पोटाच्या सीटीची वेळ इथे चालत नाही. फ्लॅपची मूळ धमनी जांघेच्या जरा वर, एक्स्टर्नल इलियाक धमनीतून निघते आणि बेंबीकडे चढते. म्हणून मी कॉन्ट्रास्ट जांघेतल्या फेमोरल धमनीत पोचल्याचे पाहून स्कॅन सुरू करते आणि खालून वर नेते. साधारण १०० मिली कॉन्ट्रास्ट, सेकंदाला ४ मिली, मागोमाग ४०-५० मिली सलाईन. जांघेपासून बेंबीच्या ४-५ सेंटिमीटर वरपर्यंत पुरते. चित्रांचे काप १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवेत. ५ मिलिमीटरच्या कापांत पर्फोरेटर हरवतात. श्वास रोखायचा, पण पोट फुगवून नाही.

वाचताना सर्वांत जाड पर्फोरेटर शोधून थांबणे मला पटत नाही. स्नायूतून लांब, वाकडीतिकडी वाट काढणारा जाड पर्फोरेटर सोडवायला वेळ लागतो आणि स्नायूही जास्त चिरावा लागतो. थोडा बारीक, पण सरळ वर येणारा पुष्कळदा बरा. शीर तर पाहायलाच हवी: सोबतची शीर त्वचेखालच्या मोठ्या शिरेला जोडलेली नसेल, तर रक्त आत जाते पण बाहेर पडत नाही, फ्लॅप निळसर पडून फुगतो.

जुने व्रण मी आवर्जून लिहिते. सिझेरियनच्या आडव्या छेदात फ्लॅपची खोल मूळ धमनी बहुतेक वेळा वाचते, वरवरच्या वाहिन्या मात्र कापल्या गेलेल्या असू शकतात. उभा मध्यछेद असेल, तर त्यापलीकडच्या भागाला रक्त पुरेसे मिळेल हे धरून चालता येत नाही. हर्निया किंवा स्नायूंमधली फट दिसली तर तीही नोंदवायची.

सर्जनसाठी पर्फोरेटरचा नकाशा करायचा, त्यात बेंबी शून्य धरून आडवे-उभे अंतर मिलिमीटरमध्ये द्यायचे, आणि ते पर्फोरेटर फॅशियातून, म्हणजे स्नायूवरच्या चिवट आवरणातून, जिथे बाहेर पडतो त्या बिंदूचे. त्वचा सरकते, तो बिंदू सरकत नाही. शस्त्रक्रियेआधी सर्जन रुग्णाला उताणे झोपवून खुणा करतात आणि हातातल्या डॉपलरने, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने, पडताळतात. नुसत्या डॉपलरवर विसंबले, तर स्नायूखालच्या मूळ धमनीचा आवाजही पर्फोरेटरचा वाटू शकतो. आयोडीनचा कॉन्ट्रास्ट देताच येत नसेल, तर एमआर अँजिओग्राफी, म्हणजे एमआरआयने रक्तवाहिन्यांची तपासणी, करता येते. तिला वेळ जास्त लागतो आणि बारीक वाहिन्या सीटीइतक्या रेखीव येत नाहीत.